कॉपी-पेस्ट: विंडोज की मॅक?
विंडोजवर कंट्रोल सी, कंट्रोल व्ही आणि मॅकवर कमांड सी, कमांड व्ही, फरक एवढासाच वाटतो पण हाताला लगेच जाणवतो, कारण मॅकची कमांड की स्पेसबारच्या शेजारीच असते, अंगठ्याने दाबता येते, करंगळी ताणावी लागत नाही. मला तरी मॅकचंच आवडतं. टर्मिनलमध्ये (म्हणजे आज्ञा टाइप करून कॉम्प्युटर चालवायच्या खिडकीत) तर फारच बरं पडतं, तिथे कंट्रोल सी म्हणजे चालू प्रोग्राम थांबवणं आणि कमांड सी म्हणजे कॉपी, गोंधळच नाही (लिनक्सवाले तिथे बहुतेकदा कंट्रोल शिफ्ट सी दाबतात). पण विंडोज १० मध्ये २०१८ला आलेलं विंडोज की अधिक व्ही एकदा चालू करून बघाच, त्यानंतर कॉपी केलेल्या अलीकडच्या गोष्टी यादीत दिसतात, खूप वेळ वाचतो.