मॉडेल जहाजाच्या तोफांसाठी कोणता धातू? काही महिने वापरल्यानंतर

एचएमएस ट्रिंकोमालीचं 1:72 मॉडेल करतोय. मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेली, 1817 साली पाण्यात उतरलेली ही फ्रिगेट, म्हणजे शिडाची वेगवान युद्धनौका, आज इंग्लंडात हार्टलपूलला आहे. लाकूडकाम जमून गेलं, डोकं खाल्लं ते धातूने. मुख्य तोफडेकवरच 18 पौंडी (18 पौंडाचा गोळा फेकणाऱ्या) 28 तोफा. आठ फुटी नळी या प्रमाणात जेमतेम 34 मिमी होते, तोंडाचं भोक 2 मिमीच्याही आत. त्यातली एक जरी जाड-बारीक झाली तरी रांगेत लगेच खटकते.

यासाठी लेथवर कातायला फ्री-कटिंग पितळ, म्हणजे आयएस 319 (भारतीय मानकाचा ग्रेड) चा 8 मिमी रॉड. दुसरं काही बघूच नका. त्यात 3 टक्क्यांच्या आसपास शिसं असतं, म्हणून चीप (कातताना निघणारा कीस) रव्यासारखी तुटून पडते, टूलला, म्हणजे कापणाऱ्या हत्याराला, गुंडाळत नाही. फिनिश टूलखालूनच असा येतो की पॉलिश पेपर हातात घ्यावा लागत नाही. पथ्य एकच: टूलचा वरचा रेक (माथ्याचा उतार) शून्य ठेवा आणि ड्रिलच्या दोन्ही धारा ऑइलस्टोनवर किंचित सपाट करा. नाहीतर पितळ ड्रिलला आत खेचतं आणि 1.8 मिमीचं ड्रिल भोकातच मोडून बसतं. चष्मा हवाच, ही चीप कॉलरमध्ये, मोज्यात, चहाच्या कपात, कुठेही सापडते. शिसं आहे, तेव्हा काम संपवून उठल्यावर आधी साबणाने हात धुवा.

दुकानात नुसतं ‘पितळेचा रॉड द्या’ म्हणू नका. साधं पितळही तितकंच पिवळंधमक दिसतं. फरक कळतो तो लेथवर लांबच लांब वेटोळी निघायला लागल्यावर. ग्रेड सांगून मागा, जमलं तर तुकड्याला तिथेच भोक पाडून बघा. माल किलोवर मिळतो. पकडायला जागा धरून दर तोफेला 45 मिमी लागतात, म्हणजे सगळ्या मिळून सव्वा मीटर, वजनात अर्धा किलोच्या जरा वर. खर्चाचं म्हणाल तर लाकडापुढे हे काहीच नाही.

मात्र हेच पितळ वाकवायला घेतलं की तडकतं. सुकाणूच्या पट्ट्या, कड्या यांसाठी 63/37 पितळेचा (63 टक्के तांबं, 37 टक्के जस्त) पत्रा घ्या, मंद लाल होईपर्यंत तापवा, मग हवा तसा वळतो.

अॅल्युमिनियम स्वस्त, पण त्याचा 6063 हा ग्रेड टूलच्या टोकाला चिकटत राहतो. रॉकेल लावलं की कटिंग सुधारतं, पण साधं सोल्डर काही धरत नाही आणि पितळ काळं करायचं केमिकलही त्यावर चालत नाही. मी ते फक्त जिगसाठी (काम धरून ठेवायच्या साच्यांसाठी) ठेवलंय. स्टेनलेस स्टीलच्या 304 ग्रेडच्या वाटेला जाऊ नका. टूल जरा घासलं की पृष्ठभाग कडक होतो आणि पुढचा कट घेतच नाही.

तयार मिळणाऱ्या शिशाच्या तोफा मात्र नकोच. बंद काचपेटीत लाकडातून निघणाऱ्या आम्ल वाफेने शिशावर पांढरी भुकटी धरते, आणि तोवर तोफा डेकवर पक्क्या चिकटवलेल्या असतात.