आयनॅचरलिस्ट: खाडीकाठच्या दुर्मीळ नोंदींसाठी किती कामाचं?

नवी मुंबईतल्या ऐरोलीच्या खाडीत किंवा ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात अनोळखी जीव दिसला तर नोंदीसाठी आमची पहिली पसंती आयनॅचरलिस्टला, म्हणजे फोटोवरून जीव ओळखण्याच्या आणि नोंदवण्याच्या ॲपला. ॲप फुकट आहे. नेटवर्क नसलं तरी नोंद फोनमध्ये राहते आणि नंतर चढवता येते.

खरी मदार फोटोंवर. चतुर (ड्रॅगनफ्लाय) असेल तर बाजूने, छातीवरचे पट्टे आणि शेपटाचं टोक दिसेल असा. फुलपाखराच्या पंखांची खालची बाजू हवीच. फ्लेमिंगोची चोच टिपा: मोठ्या (ग्रेटर) जातीची गुलाबी, टोकाला काळी, लहान (लेसर) जातीची गडद लाल. कांदळवनातल्या कोल्ह्याला रात्री कुत्रा समजलं जातं, तेव्हा झुपकेदार, काळपट टोकाचं शेपूट फोटोत यायला हवं. एका नोंदीत एकाच जिवाचे फोटो घाला. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोतली वेळ आणि जागा सहसा पुसली गेलेली असते. ती हाताने भरताना चुका होतात, म्हणून मूळ फोटोच चढवा.

ॲपने सुचवलेलं पहिलं नाव पटकन उचलू नका. दुर्मीळ जातींचे फोटो त्याने कमी पाहिलेले असतात, त्यामुळे ते नेहमीच्या नातलगाकडे झुकतं. म्हणजे मदत सर्वांत जास्त हवी तिथेच ते कच्चं. खात्री नसेल तर नुसतं 'चतुर' लिहून थांबा. ॲपवरचे जाणकार ओळख पुढे नेतात. रिसर्च ग्रेडसाठी, म्हणजे नोंद संशोधनात वापरण्याजोगी ठरायला, किमान दोघांचं आणि दोन तृतीयांशाहून जास्त ओळखणाऱ्यांचं एकमत लागतं. मित्राने न पाहता 'सहमत' दाबलं की चुकीचं नाव पक्कं होऊन बसतं, म्हणून ओळखीच्यांना सहमतीसाठी गळ घालू नका.

सर्वांत मोलाची सोय म्हणजे जागा धूसर करणं, म्हणजे नेमकं ठिकाण इतरांपासून लपवणं. धोक्यातल्या बऱ्याच जातींसाठी ती आपोआप होते. घुबडाचं घरटं किंवा कोल्ह्याचं बीळ असेल तर चढवण्याआधी स्वतः करा. मग नकाशावरचा ठिपका ०.२ अंशाच्या चौकटीत कुठेही पडतो, ऐरोलीची नोंद पवईतही दिसू शकते. धूसर न केलेल्या नोंदीत पक्षी तुम्ही उभे असलेल्या बांधापासून लांब असेल तर ठिपका त्याच्या जागी सरकवा आणि अचूकतेचं वर्तुळ (जागा किती मागेपुढे असू शकते ते दाखवणारं) मोठं ठेवा.

पक्ष्यांची संख्या मोजायची असेल तर ई-बर्ड हे पक्षीनोंदींचं ॲप सरस. तिथे वेळ, अंतर आणि आकडा नोंदवला जातो, आणि वेगळी जात दिसली की परीक्षक तपशील मागू शकतात.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो नावं सुचवण्याच्या कच्चेपणासाठी.