१६ किलोचं केटलबेल, ६२० ग्रॅम कमी

मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, क्वालिटीला आहे. दिवसभर बीड (ओतीव लोखंड) ओतलेलं बघायचं, ठोकायचं, मोजायचं आणि नापास करायचं हे माझं काम. त्यामुळे पार्सल फोडल्यावर व्यायाम करायच्या आधी मी ते केटलबेल, म्हणजे वर धरायला दांडा असलेला व्यायामाचा बिडाचा गोळा, दुसऱ्या दिवशी डिकीत घालून कंपनीत नेलं आणि काट्यावर ठेवलं. १५ किलो ३८० ग्रॅम भरलं. वर मात्र ठसठशीत अक्षरांत १६. गंमत म्हणजे हे वजन मुळात रशियातलं. तिथं पूद नावाचं माप होतं, १६ किलोपेक्षा थोडं जास्त, आणि त्या मापानं धान्य तोलायचे. म्हणून तर केटलबेल अजूनही १६, २४, ३२ अशी मिळतात. बाजारात तोलायच्या मापानंच माप मारलं!

कंपनीचं नाव लिहीत नाही. फोटो बघितले तर तोच साचा चार वेगवेगळ्या स्टिकरांखाली विकायला दिसतो. मला २,७०० ला पडलं, घरपोच.

घ्यायची वेळ का आली ते सांगतो. पोरगी झाली तेव्हा सासूबाईंनी बाळंतिणीसाठी पाच किलो डिंकाचे लाडू पाठवले. बायकोनं रोज एक खायचा असं ठरलं होतं. रात्री अडीचला पोरगी उठली की बायको तिला पाजायची आणि मी जागा राहिलो या हक्कानं एक लाडू उचलायचो. कधी दोन. पाजणाऱ्या बाईचं खाल्लेलं दूध होऊन जातं, माझ्या लाडवाला बाहेर पडायची वाटच नव्हती. पुढे एकदा उत्सुकता म्हणून एक लाडू तोलला, ५८ ग्रॅम. त्यात तूप, गूळ, खारीक, सुकं खोबरं, तळलेला डिंक. धरा अडीचशे कॅलरी आणि वर थोड्या. त्यात पहिल्या शिफ्टवरून परतताना गंगावेशीत दूध कट्ट्यावर थांबायची सवय. म्हशीची समोर धार काढून दिलेलं फेसाळ दूध पैलवान जोर-बैठका मारून पितात, मी मोटारसायकलवर बसून प्यायचो. वडील म्हणाले, "लेका, खुराक मेहनतीनंतर मागायचा असतो." तीन महिन्यांत मी ७२ वरून ७९ वर गेलो होतो.

जिमची तीन महिन्यांची फी आधीच भरून झाली होती. गेलो मोजून नऊ वेळा. आठवड्याला शिफ्ट बदलते, आणि दुसऱ्या शिफ्टवरून रात्री साडेअकराला सुटलेल्या माणसाला पहाटे पाचला तालमीत या म्हणणं सोपं आहे. पोरीची दुपारची झोप चाळीस मिनिटांची असेल असं आपण धरतो आणि ती अकराव्या मिनिटाला डोळे उघडते. मला असं काहीतरी हवं होतं जे मध्येच खाली ठेवून पळता येईल.

आता माल. ओतकाम एकसंध आहे, दांडा वेल्डिंग करून जोडलेला नाही, ही मोठी जमेची बाजू. ब्लोहोल, म्हणजे ओतताना हवा अडकून पडलेलं भोक, कुठं दिसलं नाही. बुड मशिनिंग केलेलं, डुगडुगत नाही. पण दांड्याच्या आतल्या बाजूला पार्टिंग लाइन, म्हणजे साच्याचे दोन भाग जुळतात तिथली कड, तशीच सोडलीय. फेटलिंगवाल्यानं, म्हणजे ओतलेला पीस घासून साफ करणाऱ्यानं, ग्राइंडर फक्त फिरवून दाखवला असावा. आमच्याकडे असा पीस माझ्या टेबलावरून पुढे गेला नसता. पहिल्याच आठवड्यात तळहाताला दोन फोड आले. शेवटी कानस घेऊन बसलो, मग ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२०. तासाभराचं काम, पण रंग गेल्यामुळे परत पाठवायचा मार्ग बंद झाला. दांडा व्हर्निअरवर ३४ मिलिमीटर आला, माझ्या हाताला बरोबर.

स्वस्तात मिळतं म्हणून प्लॅस्टिकच्या कवचात सिमेंट भरलेलं घेऊ नका. सिमेंटची घनता बिडाच्या साधारण एक तृतीयांश, म्हणजे तेवढंच वजन तिप्पट जागा खाणार. पायांमधून झोका देताना ते मांड्यांना आपटतं.

झोका, म्हणजे ज्याला स्विंग म्हणतात, तो मी पहिले आठ दिवस बैठकेसारखा मारत होतो. कंबर धरली. आधीच पाळण्यातून पोरगी उचलून-उचलून ती दुखत होती, त्यात ही भर. नंतर कळलं की यात गुडघे फार वाकवायचेच नाहीत. पाठ सरळ ठेवून ढुंगण मागं ढकलायचं, दोन्ही हातांत पिशव्या असताना आपण दार जसं मागच्या मागं लोटतो तसं. मग वजन हातांनी उचलायचं नाही, कमरेच्या झटक्यानं ते आपोआप छातीपर्यंत येतं. हे जमल्यावर मी पाळण्यापाशीही तसाच वाकायला लागलो आणि कंबर पंधरा दिवसांत शांत झाली. माझ्या लेखी २,७०० रुपये इथंच वसूल झाले.

आता रोजचं असं: दहा झोके, श्वास सावरायचा, पुन्हा दहा. मग वजन छातीशी धरून आठ बैठका, आणि एका हातात घेऊन हॉल ते स्वयंपाकघर चार फेऱ्या. सगळं मिळून बारा मिनिटं. मध्येच रडण्याचा आवाज आला तर तिथंच खाली ठेवून जायचं, उरलेलं संध्याकाळी. ठेवायला कंपनीतल्या भंगारातला कन्व्हेयर बेल्टचा तुकडा आणलाय (स्टोअरला विचारून), नाहीतर एक दिवस फरशी तरी फुटेल नाहीतर खालचे काका तरी वर येतील. पोरगी पालथी पडायला लागल्यापासून हे सगळं गॅलरीत, मधलं दार लावून. घामट हातातून सुटलेलं बीड कुठं जाईल सांगता येत नाही.

वजन ७५ वर आलं ते चार महिन्यांत, पण त्याचं श्रेय एकट्या केटलबेलला देणं खोटं होईल. लाडू संपले, हे एक. दुसरं, कँटीनच्या भज्यांऐवजी खिशात शेंगदाणे-फुटाणे ठेवतो. सकाळी दोन उकडलेली अंडी, म्हणजे बारा ग्रॅम प्रोटीन, आणि रात्रीच मोड काढून ठेवलेल्या मटकीची उसळ. दुसऱ्या शिफ्टला साडेसातच्या सुट्टीतच डब्यातली भाकरी-भाजी संपवतो. मध्यरात्री घरी येऊन पातेल्यातला गार भात उभ्याउभ्या खायचो, ते बंद. रविवारचा पांढरा रस्सा बंद केलेला नाही, करणारही नाही. दूध कट्टा आता आठवड्यातून एकदा, आणि तिथवर चालत.

पाचपैकी साडेतीन. एक गुण दांड्याचा कापला, अर्धा काट्याचा. वजनाबद्दल कस्टमर केअरला काट्याचा फोटो पाठवला तर "थोडाफार फरक असतो सर" असं उत्तर आलं. आमच्या गिऱ्हाईकाला मी असं उत्तर देऊन बघायला पाहिजे.

बायकोला डॉक्टरांनी अजून वजनं उचलायला परवानगी दिलेली नाही. मिळाली की तिला ८ किलोचं हवंय. ते मात्र दुकानातून घेणार, आणि काटा मी घरून घेऊन जाणार.