अपडेटनंतर डाउनलोड रखडलं: जुनी आवृत्ती परत आणावी की नवीच मार्गी लावावी?

वायटी-डीएलपी म्हणजे यूट्यूबसारख्या साइटवरचे व्हिडिओ उतरवून घेणारा, आदेश टाइप करून चालवायचा प्रोग्राम. तो वापरणाऱ्यांच्या वाट्याला हे कधी ना कधी येतंच. कालपर्यंत तासाभराचं लेक्चर मिनिटभरात उतरत होतं. अपडेट केलं आणि आकडा सेकंदाला ५०-६० केबीवर जाऊन बसला. या वेगाने ६०० एमबीची फाइल उतरायला पावणेतीन ते सव्वातीन तास लागतात. मग सल्ले सुरू होतात. कुणी म्हणतं, जुनीच बरी होती, ती परत टाक. कुणी म्हणतं, अपडेट अर्धवट राहिलंय, ते पुरं कर. दोन्ही सल्ले खोटे नाहीत, पण माझं माप एकीकडे थोडं जास्त झुकतं, हे आधीच सांगून टाकतो.

हे सगळं जे उतरवायचा आपल्याला हक्क आहे त्याबद्दलच आहे: स्वतःच्या चॅनेलचे व्हिडिओ, मुक्त परवान्याची व्याख्यानं, परवानगी घेतलेली लेक्चरं. स्वतःचे व्हिडिओ यूट्यूब स्टुडिओतूनही मिळतात, पण तिथे आकारानुसार ७२०पी किंवा ३६०पीच हाती येतो. आमच्या नाशिकजवळ दिंडोरी-निफाडकडे मळ्यात रेंज नसते म्हणून छाटणीची व्याख्यानं घरून भरून नेणारे बागायतदार आणि गंगापूर रोडच्या अभ्यासिकांत बसणारी मुलं, दोघांनाही हा प्रश्न सारखाच पडतो.

आदेश खाली उच्चाराप्रमाणे लिहिलेत, टाइप करताना इंग्रजी अक्षरं घ्यायची.

आधी नेटची लाइन निर्दोष ठरवा. १०० एमबीपीएसच्या कनेक्शनवर डाउनलोडचा आकडा फार तर सेकंदाला १२ एमबी दिसतो, कारण एक मेगाबाइट म्हणजे आठ मेगाबिट. त्यामुळे १०-११ दिसत असेल तर काहीच बिघडलेलं नाही. तोच व्हिडिओ ब्राउझरमध्ये १०८०पीला न अडखळता चालतोय का ते पाहा. आकड्याची चालही पुष्कळ सांगून जाते. सुरुवातीपासून शेवटपर्यंत ५०-६० केबीची सपाट रेघ असेल तर समोरचा सर्व्हर मुद्दाम हात आखडता घेतोय. आकडा वरखाली उड्या मारत असेल तर वायफाय, बहुतेक वेळा २.४ गिगाहर्ट्झचं. आकडा वेगाने १०० टक्क्यांवर पोचला आणि तिथेच थबकला तर एफएफएमपेग हा सोबतचा प्रोग्राम चित्र आणि आवाज एकत्र करतोय, त्याचा नेटशी संबंध नाही.

आता जुन्या आवृत्तीकडे वळू. परत जाणं सोपं आहे, हे मान्य करायलाच हवं. वायटी-डीएलपीच्या आवृत्त्यांना तारखेचीच नावं असतात. ‘--अपडेट-टू’ लिहून पुढे ‘स्टेबल’ (म्हणजे नेहमीची स्थिर आवृत्ती), मग ‘@’ चिन्ह आणि हवी ती तारीख दिली की काम झालं. पिपने, म्हणजे पायथन भाषेतले प्रोग्राम बसवणाऱ्या साधनाने, बसवलं असेल तर नावापुढे दोन बरोबरची चिन्हं आणि आवृत्ती. दोन मिनिटांत कालचा संगणक परत. तुम्ही जिथून उतरवता ती साइट यूट्यूब नसेल आणि नव्या आवृत्तीत त्या साइटच्या भागात गडबड झाली असेल, तर हाच सरळ रस्ता. बिघाड कुठे आहे ते शोधायलाही जुनी आवृत्ती छान उपयोगी पडते: तीच लाइन, तोच व्हिडिओ, तीच वेळ, आणि जुनी धावतेय पण नवी रांगतेय, तर दोष अपडेटच्या बाजूला. म्हणून अपडेट करण्याआधी जुनी ईएक्सई नाव बदलून शेजारी ठेवायची सवय लावावी.

पण यूट्यूबच्या बाबतीत जुनी आवृत्ती म्हणजे उन्हात ठेवलेलं दूध. कारण असं आहे. व्हिडिओच्या पत्त्यात ‘एन’ नावाचा एक तुकडा असतो. यूट्यूबच्या प्लेअरमधली जावास्क्रिप्ट चालवून त्याचं उत्तर काढायचं आणि पत्त्यात बसवायचं, ही अट. उत्तर बरोबर असेल तर पूर्ण वेग. चुकीचं किंवा गैरहजर असेल तर सर्व्हर बऱ्याचदा सरळ नाही म्हणत नाही, फक्त नळ बारीक करतो. २०२१ साली यूट्यूब-डीएल या जुन्या प्रोग्रामच्या वापरकर्त्यांना जो ५०-६० केबीचा फटका बसला, तो याच तुकड्यामुळे. वायटी-डीएलपी त्याच प्रकल्पातून फुटून निघालेलं, आणि तिकडे लोक वळले त्यात या दुखण्याचा मोठा वाटा होता. प्लेअर वरचेवर बदलतो. कालची आवृत्ती कालच्या प्लेअरसाठी शहाणी असते, आजच्या प्लेअरसाठी तिची खात्री कुणी देऊ शकत नाही.

माझा कौल ठरला तो इथे. जुनी आवृत्ती बिघडते तेव्हा बऱ्याचदा मोठ्याने बोलत नाही. पडद्यावर लाल अक्षरं नाहीत, काम थांबलेलं नाही. वर कुठेतरी वेग कमी मिळू शकेल अशी एक पिवळी ओळ येऊन सरकून जाते आणि मग टक्के मुंगीच्या पावलांनी पुढे सरकत राहतात. माणूस राउटर बंद-चालू करतो, केबलवाल्याला फोन लावतो, संध्याकाळी नेटवर गर्दी असते म्हणून रात्री बारानंतर बसतो. दोष मात्र दोन महिन्यांपूर्वी मुद्दाम मागे नेलेल्या आवृत्तीत असतो, आणि ती मागे नेली होती हे तोवर डोक्यातूनही गेलेलं असतं. शिवाय तिला मागेच धरून ठेवायचं तर प्रत्येक अपडेट टाळत बसायचं. नवी आवृत्ती बिघडली तर निदान तसं सांगते: अमुक दर्जा मिळाला नाही, अमुक साधन सापडलं नाही. बोलणारा बिघाड मला परवडतो. ही आवडीनिवडीची गोष्ट आहे, कुणाला उलटंही वाटू शकेल.

नवी मार्गी लावायची तर पहिला संशय असा घ्या: आपण अपडेट केलेली प्रत आणि प्रत्यक्षात चालणारी प्रत एकच आहे का? विंडोजवर ‘व्हेअर’ आणि लिनक्सवर ‘विच -ए’ या आदेशापुढे प्रोग्रामचं नाव द्या. दोन-दोन पत्ते निघाले तर वरचा पत्ता चालतो, अपडेट कदाचित खालच्याचं झालंय. मोठं ‘-यू’ वापरून होणारं अपडेट सुट्या ईएक्सईसाठी आहे, पिपने बसवलेल्या प्रतीला ते लागू होत नाही. उबुंटू-डेबियनच्या भांडारातून घेतलेली प्रत बहुधा मागासलेलीच असते, ती काढून टाकलेली बरी.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. नोव्हेंबर २०२५ च्या २०२५.११.१२ या आवृत्तीपासून यूट्यूबसाठी बाहेरचं जावास्क्रिप्ट चालवणारं साधन लागतं. आधी ‘एन’चं ते कोडं पायथनच्या आतच कसंबसं सुटायचं, ते आता झेपेनासं झालंय. म्हणजे अपडेट झालं, पण त्याचा जोडीदार आलाच नाही. जोडीदार म्हणून डेनो या साधनाची शिफारस आहे, आवृत्ती २ किंवा पुढची. विंडोज ११ वर ‘विनगेट इन्स्टॉल’ या आदेशाने डेनो बसवा, मग काळी खिडकी बंद करून नव्याने उघडा, नाहीतर पत्ता ओळखला जात नाही आणि डेनो बसलंच नाही असं वाटतं. नंतर लहान ‘-व्ही’ जोडून एक व्हिडिओ चालवा. वरच्या पंधरा-वीस ओळींत ‘जेएस रनटाइम्स’ अशी ओळ असते. तिथे डेनोचं नाव आणि आवृत्ती दिसली की गंगेत घोडं न्हालं.

इथे दोन खाचखळगे आहेत. संगणकावर नोड हे तसलंच दुसरं साधन आधीपासून आहे म्हणून पुष्कळजण डेनो टाळतात. पण नोड आपोआप वापरलं जात नाही, ‘--जेएस-रनटाइम्स नोड’ असं वेगळं सांगावं लागतं. दुसरा खळगा पिपवाल्यांसाठी. कोडं सोडवणारी स्क्रिप्ट ही वेगळी पुरवणी आहे. अधिकृत ईएक्सईत ती आतच असते, पिपने बसवताना मात्र नावापुढे चौकटी कंसात ‘डीफॉल्ट’ लिहिलं तरच ती सोबत येते.

एवढं करूनही वेग नसेल तर मोठं ‘-एफ’ देऊन यादी काढा आणि ‘प्रोटो’चा रकाना वाचा. आधी ‘एचटीटीपीएस’ मिळत होतं आणि आता ‘एम३यू८’ निवडलं जातंय, असं अपडेटनंतर होऊ शकतं. एम३यू८ म्हणजे शेकडो छोटे तुकडे, एकामागून एक मागवलेले. तिथे मोठं ‘-एन ४’ दिलं की चार तुकडे एकदम येतात आणि फरक लगेच दिसतो. एचटीटीपीएसच्या एकसंध फाइलवर याच ‘-एन’चा काहीही उपयोग नाही, तरी सल्ला सर्रास दिला जातो. सोळा-वीसचा हव्यासही नको. आपल्याकडच्या बऱ्याच स्थानिक ब्रॉडबँडमध्ये अनेक घरं मिळून एकच सार्वजनिक आयपी, म्हणजे नेटवरचा पत्ता, असतो. त्यावरून मागण्यांचा भडिमार झाला की तुम्ही यंत्रमानव नाही हे सिद्ध करा, असा तगादा सुरू होतो. ‘-४’ देऊन फक्त आयपीव्ही४ वापरून पाहणं मात्र फुकटचं आहे. आयपीव्ही६चा रस्ता नीट नसेल तिथे एवढ्यानेच काम होतं.

एक छोटी गंमत: आदेश दिल्यावर पहिली ओळ उमटायलाच वेळ लागतो, त्यालाही लोक संथ डाउनलोड म्हणतात. एका फाइलची ईएक्सई दर वेळी स्वतःला तात्पुरत्या फोल्डरमध्ये उलगडते, आणि नवी आलेली असल्याने विंडोज डिफेंडर तिची पुन्हा झडती घेतो. आधीच उलगडलेल्या फोल्डरची झिप वापरली तर हा खोळंबा जातो.

स्टेबलवर सगळं तपासूनही यूट्यूब रखडत असेल तर मागे जाण्याऐवजी मी पुढे जाईन: ‘--अपडेट-टू नाइटली’, म्हणजे स्टेबलच्या आधी निघणारी ताजी आवृत्ती. यूट्यूबने प्लेअर बदलल्यावर दुरुस्ती आधी तिथे येते, आणि प्रकल्प स्वतःच नेहमीच्या वापरकर्त्यांना नाइटली सुचवतो. तिच्यात अधूनमधून नवा किडा निघतो, हे खरं. निघाला तर ‘--अपडेट-टू स्टेबल’ने परत यायचं.

जिथे नवी बसतच नाही तिथलं काय? विंडोज ७ वर पायथन ३.९ आणि त्यापुढचं चालत नाही, आणि आताच्या वायटी-डीएलपीला किमान ३.१० लागतं. तिथे जुनीवर राहणं ही निवड नाही, नाइलाज आहे. निदान ‘--थ्रॉटल्ड-रेट १००के’ लावून ठेवा, म्हणजे वेग त्याखाली गेला की ती पत्ता नव्याने काढून पाहते. नेहमी उपयोग होईलच असं नाही. ३२ बिटच्या संगणकावर डेनो मिळत नाही, तिथे क्विकजेएस हे दुसरं साधन चालतं, मात्र २०२५ पूर्वीची प्रत घेतलीत तर कोडं सुटेपर्यंत चहा करून पिऊन होईल. असला संगणक एम. जी. रोडवर नेऊन रॅम वाढवण्यापेक्षा प्रोसेसर ६४ बिटचा आहे का ते आधी पाहा. पुष्कळदा तो असतो आणि वरची विंडोज तेवढी ३२ बिटची टाकलेली असते. मग हलकं ६४ बिट लिनक्स टाकलं की डेनोसकट सगळं बसतं.