ओबिन्यी-सुर-नेर: मोटारहोम घेऊन जुलैत जावं की सप्टेंबरात?

मध्य फ्रान्समधलं ओबिन्यी-सुर-नेर मी मोटारहोमने दोनदा पाहिलं, एकदा जुलैच्या मध्यात आणि एकदा सप्टेंबरात. गाव तेच, पण दोन वेगळ्या गावांना गेल्यासारखं वाटलं.

या गावाचा स्कॉटलंडशी संबंध काय, ते आधी सांगतो. शंभर वर्षांच्या युद्धात इंग्रजांविरुद्ध लढायला आलेल्या जॉन स्टुअर्ट ऑफ डार्नली या स्कॉटिश सरदाराला फ्रान्सचा राजा सातव्या चार्ल्सने 1423 मध्ये हे गाव दिलं. आपल्याकडची जहागीरच म्हणा. 1429 मध्ये रूवरेच्या लढाईत तो पडला, पण गाव सुमारे अडीचशे वर्षं स्टुअर्ट घराण्याकडे राहिलं. पुढे 1673 मध्ये चौदाव्या लुईने ते दिलं लुईझ द केरुआलला. ही इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सची प्रेयसी, आणि तो चार्ल्सही स्टुअर्टच! म्हणजे गाव फिरून घरातच आलं.

जुलैत, बॅस्टिल दिनाच्या, म्हणजे 14 जुलैच्या फ्रेंच राष्ट्रीय दिनाच्या आसपास, इथे फ्रँको-स्कॉटिश उत्सव भरतो. किल्ट घातलेले फ्रेंच आजोबा आणि बॅगपाइपचे ताफे, अगदी गावजत्रा. मुलं बरोबर असतील तर हेच दिवस धरा, त्यांना दुसरं काही दाखवावं लागत नाही. गैरसोय आहे ती गाडीची. गावातले रस्ते मिरवणुकीला मोकळे ठेवतात आणि सात मीटरची गाडी घेऊन शिरलात की मागे यायची पंचाईत. मी शिरलो होतो. बायको खाली उतरून हात दाखवत होती आणि मागे ढोलवाले थांबले होते. शिवाय उन्हात पत्र्याचा डबा तापतो. मुक्कामाची जागा आधीच बघून ठेवा आणि पोहोचा सकाळीच.

सप्टेंबरात मात्र गाव नीट बघता येतं. 1512 च्या आगीत जवळजवळ सगळं जळालं. मग रोबेर स्टुअर्टने आपल्या जंगलातलं लाकूड दिलं आणि लाकडी सांगाड्याची घरं पुन्हा उभी राहिली. त्यांच्या तुळया आता कललेल्या, काही ठिकाणी पाठीच्या मणक्यासारख्या वाकलेल्या. जुलैच्या गर्दीत मला त्या दिसल्याच नव्हत्या. स्टुअर्टांच्या वाड्यात आज नगरपालिकेचं कार्यालय आहे. दहाएक किलोमीटरवर तळ्याकाठी त्यांचाच व्हेररीचा वाडा आहे, पण तो खासगी आहे, म्हणून उघडण्याच्या वेळा आधी बघून निघा. द्राक्षांची तोडणीही याच सुमारास, वाइनसाठी प्रसिद्ध असलेलं सांसेर फार लांब नाही.

टोलचं गणित दोन्ही वेळा सारखंच. दोन ते तीन मीटर उंचीची, साडेतीन टनांपर्यंतची गाडी दुसऱ्या वर्गात बसते, म्हणजे साध्या कारपेक्षा जास्त पैसे. झियाँहून बूर्जकडे येणारा डी 940 रस्ता घेतलात तर टोलचा प्रश्नच नाही, आणि तो थेट ओबिन्यीतून जातो.

एकदाच जाणार असाल तर माझं मत सप्टेंबर. फक्त बेकरीत सकाळी लवकर जा. उत्सव नसला तरी ताज्या पावाची रांग तिथे असतेच.