सीबीसीटी स्कॅन आणि सर्जिकल गाइडने बसवलेली दाढ : काही महिन्यांच्या वापरानंतर

खालची उजवी दाढ आता चांगली चालते. ज्वारीची भाकरी, भाजलेले शेंगदाणे, कडक चकली, सगळं त्या बाजूने चावतो. पण एवढंच सांगायला लिहायला बसलो नसतो. नुसत्या हाताच्या अंदाजाने बसवलेले इम्प्लांटही (हाडात बसवायचा टायटॅनियमचा स्क्रू, त्यावर दाताची कॅप) वर्षानुवर्षं टिकतात, आमच्याच सोसायटीत दोघांचे आहेत. मला लिहायचंय ते त्याच्या आधीच्या भागाबद्दल : सीबीसीटी म्हणजे जबड्याचा त्रिमिती एक्स-रे स्कॅन, स्क्रीनवरची आखणी आणि ड्रिलला वाट दाखवणारं, थ्री-डी प्रिंटरवर छापून आणलेलं गाइड. याचे पैसे वेगळे लागतात, जाहिरातीत त्याबद्दल वाट्टेल ते छापतात, आणि त्याचा खरा उपयोग कुठे होतो हे मला दाढ बसून काही महिने झाल्यावर कळलं.

नोकरी सगळी भांडुपच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये झाली, त्यामुळे मोजमापाची खोड आहे. डॉक्टरांना मी नको इतके प्रश्न विचारले असतील. त्यांनी न कंटाळता उत्तरं दिली, हा माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोठा प्लस पॉइंट.

दाढ काढून बरीच वर्षं झाली होती. दात गेला की तिथलं हाड झिजत जातं, आणि झिजतं ते जास्त करून गालाकडच्या बाजूने. म्हणजे उंची बरी दिसते पण रुंदी जाते. पहिल्या दवाखान्यात ओपीजी काढला, तो लांबट एक्स-रे ज्यात सगळे दात एका रांगेत दिसतात, आणि तो बघून 'हाड भरपूर आहे, पुढच्या आठवड्यात बसवून टाकू' असं ऐकवलं. ओपीजी वाईट नाही, सगळ्या तोंडाचा एका नजरेत अंदाज येतो. पण ती सावली आहे. त्यात आकार मोठा होऊन येतो, तोही सगळीकडे सारखा नाही, आणि हाडाची जाडी तर त्यात दिसतच नाही. ज्या ड्रॉइंगमध्ये साइड व्ह्यू नाही त्यावरून भोक पाडायला आमचा सुपरवायझर कधीच तयार झाला नसता. मी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पहिल्याच भेटीत सीबीसीटीची चिठ्ठी दिली.

स्कॅन दादरला झाला. हनुवटी टेकवायची, एक काडी दातात धरायची, आणि यंत्र डोक्याभोवती फिरेपर्यंत गिळायचंही नाही. अर्ध्या मिनिटाच्या आत आटोपतं. किरणांचा झोत शंकूच्या आकाराचा असतो, एका फेरीत शेकडो चित्रं घेतली जातात आणि संगणक त्यातून जबड्याचा ठोकळा उभा करतो. तो ठोकळा मग हवा तिथे कापून बघता येतो. हे तंत्र दंतवैद्यकात आलं 1990 च्या दशकाच्या शेवटी. किरणांची भीती घालणारे घरोघरी असतात म्हणून सांगतो : जगात माणसाला निसर्गातूनच वर्षाला सरासरी अडीच-तीन मिलिसिव्हर्ट (किरणांची मात्रा मोजायचं एकक) मिळतात. जबड्याच्या लहान भागाचा असा स्कॅन त्याच्या अगदी थोड्या हिश्श्यात बसतो, आणि नेहमीच्या सीटी स्कॅनपेक्षा पुष्कळ कमी असतो. तरी उगाच पुन्हा पुन्हा काढायचा नाही, आणि गरज खालच्या एका दाढेची असेल तर पूर्ण डोक्याचा काढायचा नाही. एक्स-रे यंत्रांवर देखरेख ठेवणारं अणुऊर्जा नियामक मंडळ आपल्या अणुशक्तीनगरातच आहे. सेंटरमध्ये यंत्राची त्यांच्याकडे नोंद आहे का, हे विचारायला लाजू नये.

माझ्या तोंडात जुनं चांदीचं फिलिंग आणि एक धातूची कॅप आहे. स्कॅनमध्ये त्यांच्या आजूबाजूला पांढऱ्या रेघा उठतात आणि दाताचा आकार नीट कळत नाही. म्हणून दवाखान्यात दुसरा स्कॅन : जाड पेनासारखा कॅमेरा दातांवरून फिरवतात आणि दातांची नि हिरड्यांची वरची बाजू स्क्रीनवर तयार होत जाते. यात किरण नसतात. पूर्वीसारखा तोंडात ठसा घ्यायच्या मसाल्याचा ट्रे कोंबून ओकारी काढत बसायचं नाही. पहिल्या फाइलमध्ये हाड, दुसरीत दात आणि हिरडी. दोन्ही फाइल दातांच्या आकारावरून एकमेकींवर बसवतात. हे जुळवणं चुकलं तर पुढचं सगळं तेवढंच चुकतं.

आखणीच्या दिवशी डॉक्टरांनी मला स्क्रीनसमोर बसवलं. मला वाटलं होतं आधी स्क्रू ठेवतील. त्यांनी आधी दाढ ठेवली. नसलेल्या दाढेच्या जागी संगणकात नवी दाढ काढली, वरच्या दाढेशी ती कशी मिळते ते पाहिलं, आणि मग त्या दाढेच्या बरोबर मधोमध खाली जाईल असा इम्प्लांट बसवला. त्यानंतर प्रश्न आला, तिथे हाड आहे का?

हाड होतं, पण सरळ नव्हतं. काप बघितला तर जबडा जिभेच्या बाजूला खाली आत वळलेला, खोबणीसारखा. ओपीजीवर 'भरपूर' दिसणारी उंची या खोबणीवरून मोजलेली. सरळ खाली ड्रिल मारलं असतं तर ते जिभेच्या बाजूने हाडाबाहेर आलं असतं, आणि तिथे रक्तवाहिन्या असतात. तोंडाच्या तळाशी रक्तस्राव झाला तर तो श्वासापर्यंत जाऊ शकतो, असं डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं. त्यांनी इम्प्लांट थोडा तिरका केला, लांबी एक नंबर कमी केली. मग खालच्या नसेची नळी रंगवली. ही नस जबड्यातून जाते आणि ओठ-हनुवटीला संवेदना देते. ती दुखावली तर ओठ बधिर राहतो, कधी कधी कायमचा. तिच्या वर निदान 2 मिलिमीटर अंतर ठेवायचं, शेजारच्या दाताच्या मुळापासून निदान दीड.

2 मिलिमीटरच का, हे मी विचारलं. उत्तर मला फार पटलं. गाइड लावूनही ठरवलेली जागा आणि प्रत्यक्षातली जागा यांत फरक पडतोच. अनेक अभ्यासांची सरासरी घेतली तर इम्प्लांटच्या वरच्या तोंडाशी साधारण 1.2 मिलिमीटर, खालच्या टोकाशी 1.4 आणि कोनात साडेतीन अंशांच्या आसपास. आमच्याकडे एवढ्या फरकाचा माल भंगारात गेला असता. पण मग लक्षात आलं की हा फरक एका जागचा नाही, साखळीतल्या प्रत्येक कडीचा आहे. स्कॅन करताना माणूस किंचित हलतो, दोन फाइली जुळवताना थोडं सरकतं, गाइडचं रेझिन (एक प्रकारचं प्लास्टिक) छापून धुऊन प्रकाशात कडक करताना किंचित आकसतं, आणि बुशमध्ये ड्रिल फिरायला फट ठेवावीच लागते.

हो, बुशच. सर्जिकल गाइड म्हणजे सरळसरळ ड्रिल जिग, ड्रिल ठरल्या जागीच जावं म्हणून लावायचा साचा. दातांवर घट्ट बसणारी रेझिनची टोपी, तिच्यात एक भोक, भोकात धातूची बाही, त्यातून ड्रिल ठरलेल्या कोनात आणि ठरलेल्या खोलीपर्यंतच जातं. आयुष्यभर जिग केल्या, म्हातारपणी एक स्वतःच्या तोंडात बसली. आणि जिगचा नियम इथेही तोच : जिग टेकते कशावर हे आधी बघा. शेजारी पक्के दात असतील तर गाइड हलत नाही. सगळेच दात गेलेले असतील आणि गाइड हिरडीवर टेकत असेल तर हिरडी दबते, म्हणून ते पिनांनी हाडाला धरावं लागतं आणि अचूकपणाही कमी होतो. 'कॉम्प्युटरने केलेलं, चूक होऊच शकत नाही' असं छापलेल्या जाहिराती मुंबईत कमी नाहीत. तसं जो सांगेल त्याच्याकडे मी जाणार नाही.

डॉक्टरांनी बधिर करायच्या आधी गाइड लावून पाहिलं. त्याला दातांच्या टोकांवर छोट्या खिडक्या असतात. खिडकीतून दात गाइडला टेकलेला दिसला पाहिजे, मधे फट दिसली तर ते गाइड वापरायचं नाही. यातून कामाची एक सूचना : स्कॅन झाल्यावर आणि शस्त्रक्रियेच्या आधी त्या बाजूच्या कुठल्याही दाताचं फिलिंग किंवा कॅप करून घेऊ नका. दाताचा आकार बदलला की गाइड बसत नाही.

प्रत्यक्ष शस्त्रक्रियेत दुखलं नाही, जबडा मात्र भरून आला. गाइडसाठी ड्रिल लांब लागतात, गाइडची जाडी वेगळी, त्यामुळे मागच्या दाढेसाठी तोंड खूप मोठं उघडावं लागतं. ज्यांचं तोंड कमी उघडतं, गुटखा-सुपारीवाल्यांचं तर बऱ्याचदा, त्यांनी हे आधीच सांगावं. दुसरं म्हणजे पाणी. हाड सुमारे 47 अंशांवर मिनिटभर तापलं तरी त्याला इजा होते, म्हणून ड्रिलवर सलाइनची धार सोडतात. गाइडमुळे ती धार आत नीट पोचत नाही. डॉक्टर दर वेळी ड्रिल बाहेर काढून, बाजूने वेगळी धार मारून सावकाश पुढे जात होते. 'टाके नाहीत, चिरा नाही' हाही गाइडचा फायदा म्हणून सांगतात. माझ्या बाबतीत डॉक्टरांनी छोटा चिरा घेतलाच, कारण तिथली घट्ट हिरडी आधीच कमी होती आणि ती कापून फेकायची नव्हती. मला ते योग्य वाटलं.

दोन-तीन दिवस सूज, बर्फ, मऊ भात आणि खिमट. मग काही नाही. टायटॅनियम आणि हाड एकमेकांना धरेपर्यंत खालच्या जबड्यात साधारण तीन महिने थांबतात. स्वीडनचे संशोधक ब्रोनेमार्क यांनी 1965 मध्ये पहिल्या माणसात हे करून दाखवलं, आणि स्कॅन-गाइड कितीही आले तरी हाडाला त्याचा वेळ द्यावाच लागतो.

आता वापराबद्दल. पहिले काही आठवडे चावताना विचित्र वाटायचं, कारण इम्प्लांटला खऱ्या दाताभोवती असते ती पातळ गादी नसते. खडा दातात आला तर खऱ्या दाताला चटकन कळतं, याला उशिरा. त्यामुळे मी त्या बाजूने सुपारी, बर्फ असलं काही फोडत नाही. चव, बोलणं, दिसणं यात फरक शून्य.

मग काही महिन्यांनी त्रास सुरू झाला. दाढेच्या पुढच्या बाजूला पालेभाजी आणि मटणाचा धागा अडकायला लागला, रोज, न चुकता. मला वाटलं कॅप सैल झाली. तसं नव्हतं. खरे दात आयुष्यभर हळूहळू पुढे सरकतात, इम्प्लांट हाडाला चिकटलेला असतो, तो सरकत नाही, आणि मधे फट पडते. इम्प्लांटवाल्यांमध्ये ही तक्रार नेहमीची आहे, फक्त आधी कुणी सांगत नाही.

आणि इथे त्या आखणीचे पैसे वसूल झाले. इम्प्लांट दाढेच्या मधोमध असल्यामुळे माझी कॅप सिमेंटने चिकटवलेली नाही, वरून स्क्रूने कसलेली आहे, स्क्रूचं भोक चावायच्या पृष्ठभागाच्या मध्यावर येतं आणि ते फिलिंगने बुजवलेलं असतं. डॉक्टरांनी फिलिंग काढलं, स्क्रू सोडवला, कॅप लॅबला पाठवली, बाजूला सिरॅमिक चढवून आणलं, परत कसली. कापाकाप नाही, नवी कॅप नाही. इम्प्लांट आखणीपेक्षा जास्त तिरका बसला असता तर ते भोक गालाच्या बाजूला आलं असतं, मग कॅप चिकटवावी लागली असती, आणि काढायची वेळ आली की बहुधा कापून. शिवाय हिरडीखाली सिमेंट राहिलं तर तिथे सूज धरते. दाढेचा आकारही सरळ उतरता आहे, त्यामुळे बारीक ब्रश खालून आरपार जातो. सोसायटीतल्या एकांच्या कॅपला जिभेच्या बाजूला कट्टा आहे, त्याखाली ब्रश शिरतच नाही.

तक्रारी दोन. स्कॅन सेंटरने मला फिल्म आणि सीडी दिली. आता सीडी कुठल्या लॅपटॉपमध्ये घालायची? त्यातला प्रोग्रामही फक्त बघण्यापुरता. डायकॉम फाइल (स्कॅनची मूळ फाइल) पेनड्राइव्हवर किंवा लिंकने मागून घ्या, ती तुमची आहे आणि कुठल्याही डॉक्टरांना चालते. मला त्यासाठी पुन्हा खेप घालावी लागली. दुसरी तक्रार बिलाची : आखणी, गाइड, कॅप, स्क्रू कसायचा खर्च असं सुटं लिहून द्यायला दवाखाना सुरुवातीला राजी नव्हता. सुटं मागाच. इम्प्लांटची कंपनी, व्यास, लांबी आणि बॅच लिहिलेला स्टिकरही फाइलला लावून घ्या. दहा वर्षांनी स्क्रू बदलायचा झाला तर त्याच मापाचा पाना लागेल.

सगळ्यांनी गाइड करावंच असं मी म्हणणार नाही. रुंद हाड, नस लांब, शेजारी दोन्हीकडे दात आणि हात बसलेला डॉक्टर असेल तर स्कॅन बघून हाताने केलेलं कामही चोख होतं. स्कॅन मात्र सोडू नये. नस जवळ असेल, हाड वाकडं असेल, पुढचा दात असेल किंवा एका रांगेत तीन-चार इम्प्लांट असतील तर मी गाइडसाठी हट्ट धरीन. पैसे कमी असतील तर मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय आणि फोर्टचं शासकीय दंत महाविद्यालय ही दोन्ही ठिकाणं आधी विचारून यावीत.

आता हिची वरची दाढ काढायची वेळ आली आहे. तिच्या स्कॅनमध्ये सायनसच्या पोकळीखाली हाड फार थोडं दिसतंय, म्हणजे आधी सायनस लिफ्ट (पोकळीचा तळ उचलून खाली हाड भरणं) की आखूड इम्प्लांट, हा प्रश्न आहे. आमचे डॉक्टर लिफ्ट म्हणतात. फाइल पेनड्राइव्हवर घेऊन ठेवली आहे, पुढच्या आठवड्यात पार्ल्याच्या एका सर्जनना दाखवणार आहोत. तिचं म्हणणं, ब्रिजच करून टाकू, म्हणजे शेजारच्या दोन दातांवर टेकलेला जोडदात. शेजारचे दोन्ही दात शाबूत असताना ते तासायला माझा जीव होत नाही, पण दात तिचे आहेत.