चार्जिंगच्या नावाखाली माझे १९,६०० रुपये गेले

राजापूरकडे चिरेखाणीवर माझा मिलिटरी डिस्पोजलमधला जुना शक्तिमान ट्रक चालतो. २४ व्होल्टची गाडी, १२-१२च्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये. सेल्फ मारला की नुसतं कटकट करायला लागली, म्हणून हायवेवरच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेली.

त्याने चालू इंजिनावरच बॅटरीची वायर उपसली. म्हणे, "लाइट कशी नाचते बघा, अल्टरनेटर गेला." म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारा भाग. ही टेस्ट कुणालाही करू देऊ नका, चांगल्या अल्टरनेटरच्या आतले डायोड उडतात. 'नवा कंपनीचा' अल्टरनेटर १८,५००, मजुरी १,२००, वायरिंग ९००, जुना भंगारात घेतो म्हणून १,००० वजा. रोख १९,६०० मोजले.

शेवटी त्याने मीटर लावून २८.२ व्होल्ट दाखवले. ते आठवलं की अजून डोकं फिरतं. मीटरची एक पिन अल्टरनेटरच्या टर्मिनलवर होती, दुसरी अल्टरनेटरच्याच बॉडीवर. बॅटरीला हात नाही! "तोच मीटर बॅटरीवर लाव" एवढंच म्हणायचं होतं. पण पाऊस तोंडावर, खाण बंद व्हायच्या आत खेपा मारायच्या, गाडीचा हप्ता थकलेला. अशा वेळी समोर २८ दिसल्यावर कोण शंका घेईल?

गाडी पुन्हा बसली. चिपळूणच्या मिस्त्रीने बॅटरीवर मोजलं तर २४.६. इंजिन चालू असताना तिथे २७.५ ते २८.५ हवेत. इंजिन ते चेसिसची अर्थिंगची पट्टी खाऱ्या हवेने हिरवी होऊन सडलेली, म्हणून चार्जिंग बॅटरीपर्यंत नीट पोचतच नव्हतं. ३५० रुपयांत काम झालं. समुद्राजवळ गाडी असेल तर आधी अर्थिंग घासा, मग अल्टरनेटर फिरवणारा पट्टा बघा, अल्टरनेटर सगळ्यात शेवटी. आणि तो 'नवा'? बॉडीला ताजा चंदेरी रंग, पुलीची खाच घासून चकचकीत, म्हणजे वापरलेलाच रंगवून दिला. माझा चांगला अल्टरनेटर त्याच्याकडे गेला तो गेलाच.

चौकीत म्हणाले, दिवाणी मामला. बिल मागितलं. बिल होतं कुठे? कागदाच्या चिटोऱ्यावर नुसते आकडे! पुन्हा गेलो तर साहेब बंदोबस्ताला. ग्राहक तक्रारीचं विचारायला गेलो तर उत्तर आलं, "धंद्याची गाडी, तुम्ही ग्राहक नाही." साफ खोटं. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी धरत नाहीत, आणि पाच लाखांपर्यंत फीही नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा, पक्कं बिल घेतल्याशिवाय पैसे सोडू नका, जुना पार्ट तिथे ठेवू नका. माझा लेखी अर्ज मी दिलाय. पोच मात्र भांडून घ्यावी लागली.